खालच्या फळीवरचे डबे

"फिरव. अजून. पार टोकापर्यंत फिरव. आता उलटं."

मिस्त्री टॅक्सीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. तळहात चाकामागच्या स्प्रिंगवर, डोळे मिटलेले. गाडीत स्टेअरिंगवर त्याची बायको होती. तिने स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं, परत आणलं. वरचं बेअरिंग अडकत असलं की स्प्रिंग हाताखाली टणकन उडते. ही काही उडाली नाही. त्याआधी गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत मिस्त्रीने गाडी पूर्ण वळवून, रेस देत गोल गोल फिरवून पाहिली होती. एक्सल गेला असता तर टकटक झाली असती. तीही नव्हती. होती ती कर्र्र अशी एक लांबट कुरकुर, वळताना हमखास आणि स्पीडब्रेकरवर अधूनमधून.

"आलं काही हाताला?" बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"नाही."

"मला ऐकू येतंय पण."

"मलाही येतंय. बहिरा नाही झालो अजून."

टॅक्सीवाला भिंतीला टेकून उभा होता. तो कधीच गप्प बसत नसे. "अहो, अख्ख्या गावाला ऐकू येतंय. परवा एक म्हातारी मागे बसली होती. चौकात वळलो तर म्हणते, बाबा रे, मला इथेच उतरव, मी चालत जाते. आता बोला!"

 मिस्त्रीने साबणाच्या पाण्याची बाटली घेतली, चाकामागे हात घालून खाली, आर्मच्या मुळाशी पाणी मारलं आणि बायकोला खूण केली. स्टेअरिंग फिरलं. आवाज नाही. पुन्हा फिरलं. नाही. थोड्या वेळाने पाणी ओघळून गेलं आणि कर्र्र सुरू झालं.

म्हणजे बुश. चाकाला गाडीशी जोडणारा जो लोखंडी आर्म असतो, त्याच्या मुळाशी रबराचा जाडजूड बुश बसवलेला असतो. चाक वरखाली झालं की तो थोडा पिळतो आणि परत जागेवर येतो. चांगला बुश वर्षानुवर्षं हे काम करतो आणि कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. हे दोन्ही बुश मिस्त्रीने स्वतःच्या हाताने गेल्याच महिन्यात बसवले होते. नवेकोरे, डब्यातून काढून.

तो उठला, हात पुसले आणि बायकोकडे असं बघितलं की तिला पुढचं वाक्य पाठ होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचा स्वभाव मुळातच संशयी. पेट्रोलपंपावर तो माणसाकडे बघायचा नाही, मीटरकडे बघायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी आरशातून मागच्या गिऱ्हाइकांवर नजर. शेजारचं मांजर दोनदा एकाच खिडकीतून आलं तर ते शिकवून पाठवलंय, इथपर्यंत त्याची मजल जायची. बायको हसायची आणि सोडून द्यायची. पण गाड्यांच्या बाबतीत त्याचा संशय बहुतेक वेळा खरा निघायचा. इंजिनावर नुसता कान ठेवून तो दोष सांगायचा आणि दोष तिथेच सापडायचा. त्यामुळे त्याला कुणी फारसं बोलत नसे.

आणि यावेळी संशयाला कारणही होतं. एकटी टॅक्सी असती तर गोष्ट वेगळी. पण गेल्या काही महिन्यांत चार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या चार गाड्या त्याच्याकडे अशाच परत आल्या होत्या. सगळ्यांना नवे बुश, सगळ्यांना तीच कुरकुर आणि सगळे डबे एकाच दुकानातले. ते दुकान मिस्त्रीच्या मेहुण्याचं.

नाजूक मामला. सासरे गेल्यावर दुकान मेहुण्याने चालवायला घेतलं, तेव्हापासून मिस्त्रीने दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. दुकानात काउंटरवर काका बसायचे. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. सासऱ्यांनी दुकान उघडलं त्या दिवसापासून तिथे होते, एवढंच. पण मिस्त्रीच्या बायकोला सायकल त्यांनीच शिकवली होती, नटबोल्ट मोजायला लावून पाढेही. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची चौकशी करायला गॅरेजवर गिऱ्हाईक बनून आले होते ते काकाच. मिस्त्रीला ते "जावईबापू" म्हणायचे, कधी मानाने, जास्त करून खेचायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दुकानात गेला आणि काउंटरवर न जाता पलीकडच्या बाजूला बॅटऱ्या बघत उभा राहिला. त्याला बॅटरी नको होती. दुसऱ्या एका गॅरेजचा माणूस बुश मागत होता. काकांनी मागच्या रॅकच्या वरच्या फळीवरून डबा काढून दिला. मग मिस्त्री पुढे झाला आणि त्याच मापाचे बुश मागितले. काका खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि अगदी खालच्या फळीवरून, मागून, डबा काढला.

मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"वरचे संपले वाटतं," तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला.

"तुम्हाला हेच," काका म्हणाले.

मिस्त्रीने डबा उजेडात धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला. नखाने लेबल खरवडून पाहिलं. बुश बाहेर काढून रबराचा वास घेतला.

"अहो जावईबापू, बुश आहे तो. स्थळ बघायला आल्यासारखं काय चाललंय?" काका म्हणाले आणि शेजारी उभी असलेली दोन माणसं हसली.

मिस्त्री हसला नाही. चोर नेहमी आधी थट्टा करतो, असं त्याला वाटलं. असं काही नसतं, पण त्या वेळी त्याला ते अगदी पटलं. तो मागच्या खोलीत गेला. मेहुणा खोक्यांच्या राशीत मान घालून माल लावत होता.

"काय भावोजी, आज सकाळी सकाळी?"

"खालच्या फळीवर काय ठेवतोस रे?"

"कुठल्या?"

"बुशच्या रॅकला. खालच्या."

"मला काय माहीत? रॅक काकांचा. मी हात लावला तर ओरडतात." मेहुणा हसला, मग मिस्त्रीचा चेहरा बघून थांबला. "का? काय झालं?"

"काही नाही. विचारलं आपलं," मिस्त्री म्हणाला. त्याने दार ओढून घेतलं आणि गाड्या परत येतायत ते सांगितलं, चारही. माल डुप्लिकेट असावा असं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. मेहुण्याने डोकं खाजवलं, कंपनीला विचारतो म्हणाला.

घरी हे ऐकल्यावर बायको जेवता जेवता थांबली.

"तुम्ही काकांवर संशय घेताय?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"नाव घेतलं नाहीत. बोट दाखवलंत."

"बोटही दाखवलं नाही. फळी दाखवली."

"ती फळी काय आपोआप डबे देते?" तिने ताट पुढे सरकवलं. "ज्या माणसाने आयुष्यात एक वॉशर इकडचा तिकडे केला नाही, त्याच्याबद्दल तुम्ही माझ्या भावाच्या कानात विष ओतून आलात. लाज कशी नाही वाटत हो?"

"मग गाड्या परत का येतायत? तू सांग."

ते तिलाही सांगता येईना. ती उठून गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

मिस्त्रीने ठरवलं की आता पुराव्यानिशी पकडायचं. टॅक्सी पुन्हा घेतली, फुकटात, आणि खालच्या फळीवरच्या त्या एकाच डब्यातली जोडी बसवायला काढली. दोन्ही बुशवर त्याने पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके दिले, म्हणजे उद्या कुणी बदलले म्हणायला नको. डावी बाजू त्याने लिफ्टवर बसवली. लिफ्ट त्याची फार लाडकी. मिस्त्रीची पाठ कामातून जायला आली होती, म्हणून गेल्या वर्षी बायकोने हट्टाने ती बसवून घेतली आणि जुना खड्डा, ज्यात उतरून तो इतकी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काम करायचा, तो बुजवून टाकला. आता गाडी वर अधांतरी आणि मिस्त्री खाली ताठ उभा. तेव्हापासून तो शर्टही इस्त्रीचा घालायला लागला होता.

डावी बाजू झाली आणि लाईट गेली. टॅक्सीवाला तर डोक्यावर येऊन बसलेला, त्याला भाडं होतं. बॅटरीच्या उजेडात मान वर करून काम करायचा मिस्त्रीला कंटाळा आला. त्याने गाडी खाली उतरवली, उजवी बाजू जॅकवर घेतली, बुश बसवला, जॅक काढला आणि मग पुठ्ठ्यावर आडवा होऊन, शिव्या देत, चाक वळवून आत हात घालून शेवटचे बोल्ट आवळले. इस्त्रीचा शर्ट वाया गेला.

टॅक्सी गेली आणि काही आठवड्यांनी परत आली. टॅक्सीवाल्याने उतरायच्या आधीच खिडकीतून हात जोडले.

"मिस्त्री, मी तुमच्या पाया पडतो. एक तर आवाज घालवा, नाहीतर गाडीत बसून गाणं म्हणायला कुणीतरी द्या."

पुन्हा तेच सगळं. हात स्प्रिंगवर, बायको स्टेअरिंगवर, साबणाचं पाणी. डावा बुश कुरकुरत होता. उजवा चिडीचूप. मिस्त्रीने तीनतीनदा तपासलं. दोन्हीवर पांढरे ठिपके जागच्या जागी. एका डब्यातली जोडी, एक ओरडतोय आणि एक गप्प.

"एक खरा, एक खोटा!" मिस्त्री उभाच राहिला. "वा! काय डोकं आहे! जोडीतला एक चांगला ठेवायचा, म्हणजे कुणाला शंका यायला नको. आणि बघणारे बघतात वरचं लेबल."

"अहो, जरा थांबा," बायको म्हणाली.

पण तो कुठला थांबतोय? त्याने तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावला. आज त्याचा आवाज असा चढला होता की टॅक्सीवालाही चक्क गप्प बसून ऐकत होता. "पुरावा आहे माझ्याकडे. ठिपके देऊन बसवलेत. मला खालच्या फळीवरून डबे कोण देतं, ते तू बघ. मी नाव घेणार नाही. तुझं दुकान आहे, तुला कळायला पाहिजे." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

टॅक्सीवाला गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून गेला. आता तो खोटा बुश बाहेर काढायचा, मधोमध कापायचा आणि मेहुण्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, असा मिस्त्रीचा बेत होता. पण लिफ्टवर दुसरी व्हॅन चढवलेली होती, इंजिन उघडं टाकून. नाइलाज झाला. त्याने पुठ्ठा अंथरला, टॅक्सीच्या डाव्या चाकामागे आडवा झाला आणि गाडी चाकांवर उभी असतानाच आर्मचा बोल्ट सैल केला.

ठक्.

पूर्ण वजनाने बसलेला आर्म आपल्या जागी थोडासा वळला. अगदी थोडा. अवघडून बसलेल्या माणसाने मांडी बदलावी तसा.

मिस्त्रीचा हात थांबला.

"काय झालं?" वरून बायकोने विचारलं.

"काही नाही. स्टेअरिंग फिरव."

तिने फिरवलं. आवाज नाही.

"परत."

नाही.

मिस्त्रीने तोच बोल्ट, तिथेच पडल्या पडल्या, पुन्हा कचकचून आवळला. तोच बुश, तोच खोटा ठरवलेला, पांढऱ्या ठिपक्याचा. "आता फिरव."

बायकोने डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग खाली उतरली, गाडीचा पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबून वरखाली हलवला. काही नाही. इंजिन चालू करून समोरच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारून आली. गाडी अशी वळली की जणू कधी कुरकुरलीच नव्हती.

ती परत आली तेव्हा मिस्त्री पुठ्ठ्यावरच बसून होता, पाय पसरून.

"उजवी बाजू," ती हळूच म्हणाली, "लाईट गेली त्या दिवशी तुम्ही अशीच बसवली होतीत. खाली झोपून."

"हो."

"आणि डावी लिफ्टवर."

"कळलंय मला," तो खेकसला.

कळलं होतं खरंच. गाडी लिफ्टवर असली की चाकं खाली लोंबतात आणि आर्मही त्यांच्याबरोबर खाली येतात. तशा अवस्थेत बोल्ट आवळला की रबर तिथेच घट्ट धरलं जातं. मग गाडी खाली उतरली, वजन आलं, की रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं, दिवसरात्र. ते ओरडेल नाही तर काय करेल? खड्डा होता तेव्हा गाडी आपल्या चाकांवर उभी असायची आणि शेवटचा पाना खाली उतरून मारायचा, ही त्याची जुनी रीत. का, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलंही नव्हतं. खड्ड्यात तसंच सोयीचं पडायचं. सोय बदलली, रीत गेली आणि गाड्या परत यायला लागल्या. चारही गाड्या लिफ्ट आल्यानंतरच्या. एवढा संशयी माणूस, सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या पान्यावर घ्यायचा राहिला.

त्याने मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दुकानाच्या फोनवर लावला, तर तिथे तिसराच कुणी माणूस बोलला, शेठ बाहेर गेलेत म्हणाला.

"काकांना दे," मिस्त्री म्हणाला.

"ते नाहीत."

दुपारच्या वेळी काका दुकानात नाहीत, हे आजवर कधी झालं नव्हतं. बायको समोर उभी होती. त्याने तिच्याकडे न बघता फोन खाली ठेवला.

दिवस कलायच्या सुमाराला मेहुणाच आला. आपल्या व्हॅनमधून एक मोठं खोकं उतरवलं, मिस्त्रीच्या टेबलावर आणून ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला. चेहरा उतरलेला होता.

"दुसऱ्या कंपनीचे आहेत. जेवढ्या गाड्या परत आल्या, तेवढ्यांना घाला. पैशाचं बोलू नका." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुमचं खरं निघालं, भावोजी."

"काय खरं निघालं?" बायकोने विचारलं.

"काकांना विचारलं मी. सरळ विचारलं, भावोजींना खालून डबे देता ते कुठले? तर म्हणाले, त्यांचा माल मी आधीच चांगला बघून वेगळा काढून ठेवतो. म्हटलं, मग तोच कसा खराब निघतो? भावोजी पुरावा आहे म्हणतायत. तर बघत राहिले माझ्याकडे. एक शब्द बोलले नाहीत गं ताई. मी वाट बघत होतो की ओरडतील, भांडतील, माझा बाप काढतील. काही नाही. खिशातून दुकानाच्या चाव्या काढल्या, काउंटरवर ठेवल्या आणि निघून गेले." तो थांबला. "खरा माणूस असा गप्प जाईल का?"

त्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"वाईट वाटतंय. पण तुम्ही बोललात म्हणून कळलं तरी. नाहीतर मी आंधळाच राहिलो असतो."

आता इथे मिस्त्रीला एक वाट मोकळी होती आणि ती त्याला स्पष्ट दिसत होती. खोकं ठेवून घ्यायचं. यापुढे बोल्ट खाली आवळायचे. गाड्या परत येणार नाहीत आणि सगळे म्हणतील, बघा, माल बदलला तर आवाज गेला. माहीत फक्त दोघांना. त्यातली एक त्याची बायको आणि ती टेबलाला टेकून, हाताची घडी घालून, त्याच्याकडे बघत उभी होती. ती काही बोलणार नव्हती. बोलली असती तर सोपं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं आणि तिचा रागही आला.

"ऊठ," तो मेहुण्याला म्हणाला. "त्या टॅक्सीत बस. स्टेअरिंग फिरव."

"आता?"

"बस म्हणतो ना."

मेहुणा बसला. फिरवलं. आवाज नव्हता. मिस्त्रीने डावी बाजू जॅकवर घेतली, चाक अधांतरी लोंबू दिलं, आडवा झाला, बोल्ट सैल करून परत आवळला. जॅक काढला. गाडीचा पुढचा भाग दोनचारदा दाबून हलवला.

"फिरव."

कर्र्र.

मेहुण्याने दचकून स्टेअरिंग सोडलं. मिस्त्री पुन्हा आडवा झाला, गाडी चाकांवर असतानाच बोल्ट सैल केला, आवळला.

"फिरव."

गाडी गप्प.

"बुश तोच आहे," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला. "ठिपका बघून घे. काकांनी दिलेला. बुशला काही झालेलं नाही. मी आवळायला चुकत होतो. लिफ्ट आल्यापासून."

 मिस्त्रीला गाडीखालून फक्त बायकोच्या चपला दिसत होत्या.

"मग काका?" मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. "भावोजी, मी काकांना काय बोललो हो हे?"

काका एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. व्हॅनमधून तिघेही गेले, पण खाली पोचल्यावर मेहुणा उतरेना. त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते आणि समोर बघत होता. "तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी येतो. जरा वेळाने येतो."

जिना चढताना मिस्त्रीने मनात सगळं तयार केलं. काका ओरडतील. ओरडू दे. हाकलून देतील. दारातच उभं राहायचं, हलायचं नाही. शिव्या दिल्या तर खाली मान घालून घ्यायच्या. त्याला खरं तर शिव्या हव्याच होत्या. बायको पुढे होती. तिने कडी वाजवली.

दार काकांच्या सुनेने उघडलं. तिने दोघांना बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बरं झालं आलात. दुपारपासून खिडकीत बसलेत. जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर काही सांगत नाहीत, सारखं हे काय लिहिलंय वाच, ते काय लिहिलंय वाच, असं चाललंय."

काका खिडकीपाशी, सगळ्यात जास्त उजेड होता तिथे बसले होते. मांडीवर औषधाची पाकिटं, आगपेटी, साबणाचं कव्हर, असलं काय काय होतं. एक डोळा तळहाताने झाकून ते एक पाकीट हातभर लांब धरून वाचत होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

"ये गं," ते मिस्त्रीच्या बायकोला म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. "इकडे ये. ही खालची बारीक ओळ बघ. मी वाचतो, तू सांग बरोबर आहे का." आणि मग तिच्या मागे मिस्त्री दिसला. काका खुर्चीतून अर्धवट उठले. "जावईबापू, तुम्ही कशाला जिने चढलात? मीच येणार होतो तुमच्याकडे. उद्या. तोंड दाखवायची हिंमत होईना म्हणून आज नाही आलो."

मिस्त्री तयार केलेलं सगळं विसरला.

"तुमचा कान चुकायचा नाही," काका म्हणाले. "तुम्ही माल खराब म्हणता, म्हणजे खराबच असणार. मी मुद्दाम तर काही केलं नाही, हे मला माहीत आहे. मग राहिलं काय? डोळे. कुठला तरी भलताच माल तुमच्या फळीवर लावून बसलो असणार, लेबल न दिसता. किती गाड्यांना घातला असेल, देव जाणे. पुढच्या चाकांचं काम, कुणाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? म्हणून चाव्या ठेवल्या. आंधळ्या माणसाने काउंटरवर बसू नये." त्यांनी हातातलं पाकीट पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. "पण गंमत बघा, इथे मला सगळं दिसतंय असं वाटतं. तिथेही तसंच वाटत असणार."

बायकोने तोंडाला पदर लावला आणि खिडकीकडे वळली.

"काका," मिस्त्री म्हणाला.   "काका, डबे बरोबर होते. सगळे. पहिल्यापासून. मीच बोल्ट चुकीचे आवळत होतो. आवाज मी करत होतो आणि खापर तुमच्यावर फोडलं."

काकांनी पाकीट खाली ठेवलं. आधी मिस्त्रीकडे बघितलं, मग बायकोच्या पाठीकडे, मग परत मिस्त्रीकडे. मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि शिव्यांची वाट बघायला लागला.

"सगळे बरोबर होते?"

"सगळे."

"लेबलं, मापं, सगळं?"

"एकही चुकलं नव्हतं."

 काकांचा सगळा चेहराच हलला आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"अगं ए," त्यांनी आत सुनेला हाक मारली, "ऐकलंस का? मला दिसतंय!" आणि दोन्ही हातांनी मिस्त्रीचा हात धरून त्याला आत ओढत म्हणाले, "बसा, बसा जावईबापू. तुमचे उपकार झाले, सांगायला आलात."